वंचित समूहांच्या न्यायासाठी पैसे द्यायचे आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या कौटुंबिक ट्रस्टांचे विश्वस्त, कंपन्यांमध्ये सीएसआर (कंपनीने कायद्याने समाजकार्यावर करायचा खर्च) बघणारे, निवृत्तीनंतर हातात थोडी रक्कम असलेले लोक आणि परदेशातली मराठी मंडळी, यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. कायद्याचा भाग वाचून लगेच चेक फाडू नका. रक्कम मोठी असेल तर आपल्या सीएला एकदा विचारा.

१. आम्ही दरवर्षी वह्या आणि ब्लँकेटं वाटतो. हे सामाजिक न्यायाचं काम नाही का?

ती मदत आहे, आणि थंडीत पालावर, म्हणजे भटक्यांच्या तंबूवस्तीत, ब्लँकेट लागतंच. पण पुढच्या डिसेंबरात तुम्ही त्याच पालावर तशीच ब्लँकेटं घेऊन जाणार असाल, तर ते कुटुंब अजून पालावर का आहे हे कोणीतरी विचारायला हवं. न्यायासाठीचा पैसा या विचारण्यावर खर्च होतो.

विमुक्त जमातींचं बघा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. शिक्का मात्र राहिला. गावात चोरी झाली की संशय आधी पालावर. रहिवासी दाखला नाही म्हणून रेशनकार्ड नाही, जातीचा दाखला नाही म्हणून वसतिगृह आणि शिष्यवृत्ती नाही. जातीचा दाखला काढायला जावं, तर विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. त्यातही गंमत अशी, की फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, तर पाल पारधी आणि राज पारधी विमुक्त जातींत. बाहेरच्याला सगळे ‘पारधीच’. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, नावावर जमीन नाही म्हणजे सातबारा नाही. त्यांचं नाव सरकारी कागदात सापडलंच तर ते सेटलमेंटच्या (या जमातींना डांबून ठेवायच्या सरकारी वसाहतींच्या) किंवा पोलिसांच्या दप्तरात. तो कागद शोधायला कोणाला तरी दहा वेळा जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. ब्लँकेटाच्या बजेटात हा एसटीचा खर्च कुठेच नसतो.

२. ‘हक्कांचं काम’ हे बाहेरून आलेलं फॅड नाही का? आपली परंपरा अन्नदानाची, विद्यादानाची.

आपली परंपरा याहून मोठी आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं उभी केली. हे तुमच्या ओळखीचं विद्यादान. पण २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागाही राखल्या. वसतिगृहात शिकलेल्या मुलाला पुढे दार बंद मिळू नये, यासाठी दाराचा नियमच बदलला. सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेबांना १९१३ मध्ये कोलंबियाला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. आणि १९२० मध्ये बाबासाहेबांचं ‘मूकनायक’ निघालं तेव्हा शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. म्हणजे एका बहिष्कृत समाजाच्या स्वतःच्या वर्तमानपत्राला पैसे. आजच्या किती ट्रस्टांच्या अर्जात ‘वर्तमानपत्र’ या खर्चाला रकाना आहे?

३. आमच्या ट्रस्टकडे वर्षाला पाच लाख असतात. एवढ्यात काय होणार?

बरंच होतं, फक्त ते पन्नास ठिकाणी दहा-दहा हजार असं शिंपडू नका. हिशोब करून बघू. समजा एका तालुक्यात वस्तीतलेच दोन कार्यकर्ते पूर्णवेळ ठेवले, प्रत्येकी महिना १५,००० मानधन: वर्षाचे ३,६०,०००. प्रवास महिना ४,०००, म्हणजे ४८,०००. झेरॉक्स, अर्ज, फोन, नकला काढणं यासाठी महिना २,०००, म्हणजे २४,०००. एकूण ४,३२,०००. उरलेले ६८,००० अचानक येणाऱ्या गोष्टींसाठी बाजूला (कसल्या, ते प्रश्न ९ मध्ये). हे दोघं वर्षभर तहसील, ग्रामपंचायत, प्रांत कार्यालय आणि पोलीस ठाणं या चकरा मारतील. या रकमेत इमारत उभी राहत नाही, आणि ते बरंच आहे.

४. पण मग आमचे सगळे पैसे पगारात आणि प्रवासात जातात! लाभार्थ्यांना काय मिळालं?

हा आम्हाला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न. बहुतेक वेळा थोड्या रागाने.

या कामात माणूस हाच मुख्य खर्च असतो. शाळेच्या बांधकामात सिमेंटचं बिल बघून कोणी म्हणत नाही की पैसे सिमेंटमध्ये गेले. इथे सिमेंटच्या जागी कार्यकर्ता आहे. आपल्याकडे मात्र कार्यकर्त्याने उपाशीपोटी काम करावं, चप्पल झिजलेली असावी, अशी एक सुप्त अपेक्षा असते. घरचं बरं असलेल्यांना असं फुकट काम परवडतं. वस्तीतल्या पोरीला नाही परवडत, मग ती सोडून जाते आणि संस्थेच्या खुर्चीत पुन्हा बाहेरचाच माणूस बसतो.

महाराष्ट्राने यावर फार पूर्वी उत्तर शोधलं होतं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकारातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. नामवंत नटांनी गावोगाव नाटकाचे प्रयोग करून पैसे जमवले आणि ते पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी ठेवले. प्रकल्पासाठी नाही, माणसासाठी. नावातच ‘कृतज्ञता’ आहे, उपकार नाही.

कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गैरसमज पसरलेला आहे. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर. प्रकल्प राबवण्यासाठी संस्था कार्यकर्त्यांना जे मानधन देते ते यात मोजायचं नसतं. तरी ‘पाच टक्क्यांच्या वर पगार दाखवू नका’ असं संस्थांना सर्रास सांगितलं जातं. मग संस्था तोच पगार ‘प्रशिक्षण’ नावाच्या रकान्यात घालतात आणि सगळेच खोटं लिहायला शिकतात.

५. आम्ही जातपात मानत नाही. मग प्रस्ताव घेताना जात का बघायची?

रांगेत उभ्या असलेल्या माणसाला जात विचारू नका. संस्थेला मात्र विचारा: ज्यांच्यासाठी काम चालतं त्यांच्यातले किती जण तुमच्या विश्वस्त मंडळावर आहेत? सह्या कोण करतं? पैसे कुठे खर्च करायचे हे कोण ठरवतं? ‘आम्ही जात बघत नाही’ म्हणणाऱ्या ट्रस्टांची देणगीची यादी काढली तर बरेचदा त्यात ओळखीचीच आडनावं निघतात, कारण प्रस्ताव ओळखीतून येतात, इंग्रजीत मागवले जातात आणि चहाच्या गप्पांत पसंत होतात.

साधे उपाय आहेत. अर्ज मराठीत घ्या. तोंडी सांगितलेलं चालेल असं कळवा. एका ट्रस्टने मोबाइलवर रेकॉर्ड केलेला प्रस्ताव स्वीकारायला सुरुवात केल्यावर आधी कधीच न आलेले गट पुढे आले. आणि निवड समितीत दोन जागा त्या समूहांतल्या माणसांना द्या, बैठकीच्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च यांसकट. मत द्यायचा हक्क नसेल तर मात्र बोलावू नका. शोभेला बसवलेलं लोकांना लगेच कळतं.

६. ज्या गटाला द्यायचंय त्याची नोंदणीच नाही. देता येईल?

व्यक्ती म्हणून स्वतःच्या खिशातून देताय आणि करसवलत नको असेल तर तसं अवघड काही नाही. ट्रस्ट किंवा कंपनी म्हणून देताना अडचण येते. सीएसआरसाठी संस्थेकडे १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते, सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक लागतो, आणि संस्था कंपनीने स्वतः काढलेली नसेल तर तशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. एकल महिलांचा गावपातळीवरचा गट किंवा ऊसतोड कामगारांची नवी संघटना यात बसणार कशी?

वाट अशी, की जवळची एखादी नोंदणीकृत संस्था त्या गटाची पालक होते. पैसे तिच्या खात्यात येतात, हिशोब आणि ऑडिट तिचं, निर्णय गटाचे. हे कागदावर लिहून घ्या: पैसे किती दिवसांत गटापर्यंत पोचतील, पालक संस्था स्वतःसाठी किती ठेवेल, वाद झाला तर कोण मिटवेल. लिहिलं नाही तर वर्षभरात गट त्या संस्थेचा ‘प्रकल्प’ होऊन बसतो. दरम्यान गटाला स्वतःची नोंदणी करायची असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची धावपळ आणि सीएची फी यासाठीही पैसे द्या. परदेशी निधी असेल तर ही वाट बंद आहे. प्रश्न १३ बघा.

७. फक्त दलितांसाठी किंवा फक्त आदिवासींसाठी काम करणाऱ्या संस्थेला ८०जी मिळतं का? एका जातीसाठी चालत नाही असं ऐकलंय.

अर्धंच ऐकलंय. विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या भल्यासाठी असलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही हे बरोबर. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीची संस्था ‘एका जातीची’ मानली जाणार नाही. त्यामुळे ‘सर्वसमावेशक दिसावं म्हणून उद्देश पातळ करा’ असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

जाता जाता: २,००० रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीवर सवलत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ८०जीची सवलतच नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तरी लोकांच्या तोंडी ‘८०जी’च राहील असं दिसतं.

८. सीएसआरमध्ये ‘सामाजिक न्याय’ कुठे बसतो? आमचे साहेब म्हणतात, शाळा आणि शौचालयंच चालतात.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी यांपैकी एक ओलांडलेल्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे. कशावर, ते सातव्या परिशिष्टात आहे, आणि त्यातल्या तिसऱ्या मुद्द्यात स्त्री-पुरुष समानतेच्या जोडीला ‘सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांच्या वाट्याला येणारी विषमता कमी करण्याचे उपाय’ असं स्पष्ट आहे. साहेबांना तो मुद्दा छापून दाखवा. राजकीय पक्षाला देणगी चालत नाही, फक्त आपल्याच कर्मचाऱ्यांसाठीचा उपक्रमही चालत नाही. बाकी ‘चालत नाही’चं कारण बहुतेक वेळा कायदा नसतं, तर उद्‌घाटनाची फीत कुठे कापणार ही चिंता असते.

९. कोर्टकचेरी आणि आंदोलनांना पैसे द्यावेत का? आम्हाला वादात पडायचं नाही.

वाद आधीपासूनच आहे; त्यातल्या एका बाजूला वकील परवडतो, एवढंच.

अत्याचाराच्या केसचं घ्या. १९८९ चा अॅट्रॉसिटी कायदा आहे, १९९५ च्या नियमांत फिर्यादी आणि साक्षीदारांच्या प्रवासभत्त्याची तरतूद आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मग पैसे कशाला? तर तारखेला. साक्षीदार शेतमजूर असतो. तो पहाटेची गाडी पकडून येतो, अकरा वाजता कळतं की पुढची तारीख पडली. त्या दिवसाची मजुरी गेली, भत्ता मिळालाच तर कधीतरी. असं सात-आठ वेळा झालं की तो म्हणतो, जाऊ द्या साहेब. आणि ज्याच्या शेतात तो कामाला जातो तो आरोपीचा चुलता असतो. केस अशी ढिली पडते, पुराव्याअभावी म्हणतात ती. प्रश्न ३ मधले बाजूला ठेवलेले ६८,००० इथे लागतात: मजुरी, गाडीभाडं, कधी चार दिवस गावाबाहेर राहायची सोय.

धरणं, मोर्चा, ग्रामसभेची तयारी याला खर्च देणं बेकायदा नाही. पक्षाच्या किंवा निवडणुकीच्या प्रचाराला देऊ नका. तरीही जीव धजत नसेल तर निदान अभ्यासाला द्या. माहिती अधिकारात मिळवलेली कागदपत्रं, वस्तीचं सर्वेक्षण, कायद्याचं प्रशिक्षण. मोर्च्याला लागणारा दारूगोळा तोच असतो.

१०. सरकारच्या एवढ्या योजना आहेत. मग आपण कशाला?

योजना आणि माणूस यांच्यामधलं अंतर भरायला. गटारात उतरून मृत्यू झाल्यास वारसांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण मेलेला माणूस ठेकेदाराच्या हजेरीपटावर नसतो, ठेकेदार म्हणतो तो आमचा नव्हेच, आणि विधवेला तर मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलंय हेही कळलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात तिच्यासोबत पोलीस ठाण्यात बसणारं कोणी असेल तर पंचनामा नीट होतो. त्या आठवड्याचा खर्च काही हजार. एवढ्या थोड्या पैशांत एवढा मोठा फरक पडणारी जागा दुसरी क्वचितच सापडेल.

सरकारचं काम स्वतः अंगावर घेऊ नका मात्र. शिष्यवृत्ती उशिरा येते म्हणून मेसचे पैसे तात्पुरते भरणं ठीक. ती कायमची तुम्हीच देऊ लागलात तर सरकारी खातं निवांत झोपतं.

११. किती वर्षं द्यायचं? आमचं धोरण एका वर्षाचं आहे.

मग हे काम घेऊ नका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. बातम्या तेव्हा झाल्या. पण गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाचे अभ्यासगट ऐंशीच्या दशकापासून बसत होते, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय घ्यायचा नाही या शिस्तीने. १९९५ साली तिथे गेलेल्या एखाद्या मूल्यमापन अधिकाऱ्याने काय लिहिलं असतं? ‘बैठका होतात.’

किमान तीन वर्षं, शक्यतो पाच. थांबणार असाल तर एक वर्ष आधी सांगा.

१२. फोटो आणि यशोगाथा मागितल्या तर काय बिघडलं? विश्वस्तांना दाखवावं लागतं.

अत्याचारग्रस्त बाईचा चेहरा तुमच्या वार्षिक अहवालात आला आणि ती प्रत गावात पोचली, तर त्याचे भोग तिला भोगावे लागतात. जातपंचायतीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या कुटुंबाचंही तेच. २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने (लागू जुलै २०१७) महाराष्ट्रात बहिष्कार टाकणं गुन्हा ठरलंय, पण दुकानदार मीठ देत नाही तेव्हा कलम नंतर आठवतं.

फोटोऐवजी वर्षातून एकदा जाऊन बसा, आणि गेल्यावर सत्कार घेऊ नका. किती दाखले मिळाले, किती अर्ज फेटाळले गेले आणि का, एवढं दोन पानांत मागा. फेटाळलेल्यांची यादी जास्त शिकवते.

१३. मी अमेरिकेत असतो. तिथून पाठवलेले पैसे परदेशी निधी ठरतात का?

पासपोर्टवर अवलंबून. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल, तर ती परदेशी देणगी नाही, मग तुम्ही कुठेही राहा. नागरिकत्व बदललं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही ती परदेशीच. मग घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्ग शाखेतल्या ठरावीक खात्यातच यायला हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी एका संस्थेने दुसरीला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. म्हणून प्रश्न ६ मधली पालक संस्थेची वाट इथे चालत नाही.

१४. संस्थेने पैसे खाल्ले तर?

आधी ‘खाल्ले’ आणि ‘हिशोब उशिरा आला’ यांत फरक करा. वस्तीवरचा माणूस रिक्षावाल्याकडून पावती आणू शकत नाही. अशा खर्चाला सही केलेलं साधं व्हाउचर चालेल असं सुरुवातीलाच ठरवा. पैसे हप्त्यांनी द्या, ऑडिट बघा, आणि वस्तीच्या बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचला जातो का ते विचारा. जिथे वाचला जातो तिथे गडबड टिकत नाही. खरंच अफरातफर झाली तर तक्रार करा, पण तेवढ्यावरून त्या समूहाचंच नाव काळ्या यादीत टाकू नका. शहरातल्या नावाजलेल्या संस्थेत घोटाळा झाल्यावर कोणी असं म्हणत नाही की यापुढे त्या जातीच्या विश्वस्तांना पैसे नकोत.

१५. ज्या लोकांची जमीन आमच्या कंपनीच्या प्रकल्पात जातेय, त्यांच्यासाठीच सीएसआर केलं तर?

आधी मोबदला आणि पुनर्वसन पूर्ण करा. ते कायदेशीर देणं आहे, त्याला सीएसआरची पाटी लावू नका. आणि त्या गावात जाणाऱ्या संस्थेला ‘विरोध थांबवा’ असं आडून सुचवू नका. गावाला ते कळतं.

१६. आईच्या नावाने करायचंय. पाटी लावता येईल?

शिष्यवृत्तीला, अभ्यासिकेला लावा की! कोणाच्या घराच्या भिंतीवर, शिलाई मशीनवर किंवा मुलांच्या दप्तरावर नको. एका मुलीने सातवीपासून दहावीपर्यंत ट्रस्टचं नाव छापलेलं दप्तर उलटं पाठीला लावलं होतं, छापलेली बाजू आत. पट्टे काचायचे तिला.